इंटर्नशिपला क्रेडिट द्यायचंय? मग मार्क कशावर ते आधी ठरवा

इंटर्नशिप संपल्यावर विद्यार्थी सर्टिफिकेट आणि जाडजूड रिपोर्ट घेऊन समोर उभा राहतो आणि तेव्हा आपण विचार करायला लागतो की याला मार्क द्यायचे कशावर, तोवर गाडी निघून गेलेली असते. सर्टिफिकेटवर सगळ्यांच्याच "काम समाधानकारक" असतं आणि रिपोर्टची निम्मी पानं कंपनीच्या वेबसाईटवरून उचललेली. म्हणून कशावर मार्क मिळणार हे पोरं कामावर जायच्या आधी ठरलेलं आणि त्यांना माहीत असलेलं पाहिजे, बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

तासांचं गणित पटकन उरकून टाका. क्रेडिट म्हणजे डिग्रीसाठी अभ्यास मोजायचं माप. भारतातल्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये १ क्रेडिटला ३० तास धरतात, युरोपातल्या ईसीटीएस या क्रेडिट पद्धतीत साधारण २५ ते ३०. म्हणजे ४ क्रेडिट असतील तर १२० तास, आठवड्याला १५ तास जमले तर ८ आठवडे. तुमच्या युनिव्हर्सिटीचा आकडा वेगळा असेल तर अर्थात तोच धरायचा. फक्त हे बघा की या तासांत लॉगबुक (कामाची नोंदवही), रिपोर्ट, गाईडची भेट हे पण धरलंय का, कारण क्रेडिटचे तास म्हणजे शिकण्याला लागणारा सगळा वेळ, नुसती खुर्चीवर बसल्याची हजेरी नाही.

आता मुख्य काम, एक पानाचा करार. विद्यार्थी, कॉलेजचा गाईड आणि कंपनीतला मेंटॉर, तिघांच्या सह्या. त्यात तारखा, तास, स्टायपेंड आहे की नाही, मेंटॉर कोण (एचआरचं नाव चालणार नाही, रोज ज्याच्या हाताखाली काम करणार त्याचं पाहिजे) आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय शिकून येणार याच्या ३-४ ओळी. इथेच सगळे ढेपाळतात. "मार्केटिंगची माहिती घेणे" असं लिहिलं की संपलं, माहिती घेतली का नाही ते तपासणार कसं? त्याऐवजी "मागच्या ६ महिन्यांच्या विक्रीचा डेटा साफ करून कुठला माल कुठे पडून राहतो ते शोधणे आणि मेंटॉरसमोर मांडणे" असं लिहा, आता यातून फाईल निघते, प्रेझेंटेशन निघतं, प्रश्न विचारता येतात. माझी साधी कसोटी अशी की त्या ओळीपुढे "दाखव बरं" म्हणता आलं पाहिजे, दाखवायला काही नसेल तर ओळ बदला. आणि यातली एखादी तरी ओळ वर्गात शिकलेल्या विषयाला जोडलेली हवी, नाहीतर नुसत्या नोकरीला क्रेडिट कशाला द्यायचं.

लॉगबुक रोज भरायला लावू नका, रोजच्या लॉगबुकात "आज मीटिंग झाली, उद्या पण आहे" एवढंच येतं आणि ते पण शेवटच्या रात्री एकाच पेनने लिहिलेलं. आठवड्यातून एकदा, एक पान, ३ प्रश्न: काय केलं, कुठे अडलं आणि कसं सोडवलं, वर्गात शिकलेलं कुठे लागू पडलं किंवा पडलं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं शिकणाऱ्याचं बरोबर ओळखू येतं. पण गाईडने दर आठवड्याला वाचून दोन ओळी उत्तर दिलं तरच, नाहीतर पोरांना कळतं की कुणी बघत नाहीये आणि मग विषयच संपला.

निम्मे दिवस झाले की मेंटॉरला फोन किंवा भेट, १५-२० मिनिटं पुरतात. विद्यार्थ्याशी वेगळं बोला, मेंटॉरसमोर तो तोंड उघडणार नाही. ठरलेलं काम सोडून नुसतं फोटोकॉपी आणि डेटा एन्ट्रीच चालली असेल तर ते याच वेळी कळलं पाहिजे, अजून बदलता येतं. काम खरंच बदललं असेल तर करारातल्या ओळी बदलून परत सह्या घ्या, काही बिघडत नाही.

मेंटॉरच्या फॉर्मबद्दल. "१० पैकी मार्क द्या" म्हटलं की सगळ्यांना ९ येतात, माणसं भिडेखातर देतात. त्यापेक्षा वागणुकीचे प्रश्न विचारा: दिलेली मुदत पाळली का, अडल्यावर स्वतःहून विचारलं का, चूक दाखवल्यावर पुढच्या वेळी सुधारली का, एखादं उदाहरण द्या. उदाहरणाची जागा रिकामी आली तर वरच्या उत्तरांवर किती भरवसा ठेवायचा ते समजून जा. आणि मेंटॉरचं वजन ३० टक्क्यांच्या वर नको असं माझं मत. काम कसं झालं ते तो सांगेल, पण शिकणं किती झालं हे ठरवायचं काम कॉलेजचंच. मी वाटणी अशी करेन: मेंटॉर ३०, लॉगबुक २०, रिपोर्ट २०, व्हायवा (तोंडी परीक्षा) ३०.

व्हायवाला एवढं वजन का, तर रिपोर्ट हल्ली कुणीही, कशाकडूनही लिहून घेऊ शकतो. समोर बसवून करारातली एकेक ओळ वाचा आणि म्हणा, "दाखव बरं". "हाच प्रोजेक्ट परत करायचा तर काय वेगळं करशील" हा प्रश्न पण मस्त चालतो, खरं काम केलेला माणूस दहा मिनिटं बोलतो आणि न केलेला "टाईम मॅनेजमेंट" म्हणून गप्प बसतो.

गोपनीयतेचा मुद्दा सुरुवातीलाच मिटवा. काही कंपन्या आकडे बाहेर जाऊ देत नाहीत, मग रिपोर्टमध्ये बनावट आकडे वापरून पद्धत समजावली तरी चालेल, ते आकडे बनावट आहेत असं स्पष्ट लिहून, आणि रिपोर्ट मेंटॉरने बघून मगच सबमिट.

कंपनी मध्येच बंद पडली किंवा विद्यार्थ्याला काही चूक नसताना काढून टाकलं तर झालेले तास वाया जाऊ देऊ नका, उरलेल्या तासांसाठी दुसरी जागा किंवा गाईडकडे छोटा प्रोजेक्ट, आणि ही तरतूद करारात आधीच लिहून ठेवा, कारण ऐनवेळी नियम शोधत बसलं की नुकसान विद्यार्थ्याचंच होतं.