फ्रॉड रोखणारी सेवा घेण्याआधी आपले चार्जबॅक वाचा

ऑनलाइन दुकानाच्या पेमेंटचं काम माझ्याकडे येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. एका सकाळी बघतो तर रात्रीतून शेकडो व्यवहार, सगळे आमच्या सगळ्यात स्वस्त वस्तूचे आणि बहुतेक नाकारलेले. कार्डं वेगवेगळी, पण पहिले सहा आकडे तेच. चोरलेल्या कार्डांतली चालू कुठली, हे कुणीतरी आमच्या चेकआउटवर तपासून घेत होतं. याला कार्ड टेस्टिंग म्हणतात.

मी घाबरून त्याच दिवशी तीन कंपन्यांचे डेमो लावले. उगाच. एका डिव्हाइसवरून दहा मिनिटांत किती प्रयत्न चालतील याला मर्यादा घातली, कॅप्चा लावला, आणि प्रकार थांबला. हे आमच्या पेमेंट गेटवेतच, म्हणजे कार्डाचे पैसे घेणाऱ्या सेवेतच होतं. स्ट्राइप या गेटवेचं फ्रॉड पकडणारं रडार तर 2016 पासून आहे. आधी आपल्याकडे काय आहे ते उघडून बघा.

खरं दुखणं चार्जबॅकचं, म्हणजे ग्राहकाने बँकेकडे तक्रार करून परत घेतलेल्या पैशांचं. सहा महिन्यांचे चार्जबॅक काढून मी ते कारणाच्या कोडप्रमाणे लावले. व्हिसाचा 10.4 म्हणजे कार्ड समोर नसताना झालेला फ्रॉड, 13.1 म्हणजे 'माल मिळालाच नाही'. आमच्याकडे 13.1 चाच ढीग निघाला! त्यातले काही खरोखर कुरियरचे घोळ, काही माल घेऊन कानावर हात ठेवणारे.

सिग्निफाइड, रिस्किफाइड यांच्यासारख्या कंपन्या चार्जबॅकची गॅरंटी देतात: त्यांनी पास केलेली ऑर्डर फ्रॉड निघाली तर भरपाई त्यांची. ऐकायला झकास. पण गॅरंटी कुठल्या कोडना लागू, हे करारातच शोधायचं, सेल्सवाल्याच्या तोंडून नाही. आम्हाला आलेल्या मसुद्यात 13.1 नव्हता. थ्रीडी सिक्युअरचंही, म्हणजे पैसे भरताना बँक ओटीपीसारख्या मार्गाने ओळख तपासते त्याचंही तसंच. त्यात फ्रॉडची जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, न मिळालेल्या मालाची नाही. आमचा निम्मा प्रश्न शेवटी पोच घेताना सही घेऊन सुटला.

आणि एक, जे डेमोत कुणी आपणहून सांगत नाही: चांगली गिऱ्हाइकं किती अडतात? अशा एका सेवेच्या चाचणीच्या महिन्यात तिने नाकारलेल्या ऑर्डरी मी रोज हाताने चाळायचो. त्यात एक बाई सापडल्या, चार वर्षांच्या जुन्या ग्राहक. हॉटेलच्या वायफायवरून बहिणीच्या पत्त्यावर भेट पाठवत होत्या. नवा आयपी, नवा पत्ता, धोक्याचा स्कोअर थेट लाल. मी स्वतः फोन करून माफी मागितली. त्यांनी तोवर ती भेट दुसरीकडून मागवलीही होती.