घरच्या कॉम्प्युटरवर गेम खेळायचे असतील तर: आधी काय तपासायचं, मग काय बदलायचं

ऑनलाइन शाळेच्या काळात, म्हणजे २०२०-२१ मध्ये, पुण्यातल्या असंख्य घरांत एक साधा डेस्कटॉप आला. आय-थ्री प्रोसेसर, ४ किंवा ८ जीबी रॅम, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रं पडद्यावर काढणारा वेगळा भाग) नाही. आज त्याच कॉम्प्युटरवर बाबांचं टॅली आहे, आईने जपलेले घरचे फोटो आहेत, प्रिंटरही त्यालाच जोडलाय. मुलांना आता त्यावर गेम खेळायचे आहेत, आणि दुकानात गेलं की सरळ नवा गेमिंग पीसी दाखवला जातो. बहुतेक घरांना तो लागत नाही. आहे त्याच मशीनवर थोडा खर्च केला तर १०८० पिक्सेलवर बरेचसे गेम नीट खेळता येतात. मात्र कामाचा क्रम चुकला की पैसे वाया जातात, आणि लोक हमखास चुकतात ते एकाच ठिकाणी: सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात. कार्ड सगळ्यात शेवटी घ्यायचं. का, ते पुढे येईलच.

पायरी १: आपल्याकडे काय आहे ते लिहून काढा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स भागात प्रोसेसरचं पूर्ण नाव, रॅम किती आहे, तिचे किती स्लॉट भरले आहेत आणि डिस्क कोणती आहे हे सगळं दिसतं. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. त्याचं मॉडेल पाहायला सीपीयू-झेड हा फुकट प्रोग्राम वापरा. हे सगळं कागदावर लिहा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. दुकानात 'माझा आय-फाइव्ह आहे' एवढं सांगून भागत नाही. चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हला डीडीआर३ रॅम लागते, दहाव्या पिढीच्या आय-फाइव्हला डीडीआर४. दोन्हींच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही.

विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट, हेही पाहून घ्या. जुन्या मशीनवर कुणीतरी ३२-बिट टाकून दिलेलं असतं. मग रॅम कितीही वाढवली तरी ४ जीबीच्या पुढची वापरात येत नाही.

पायरी २: कोणते गेम खेळायचे ते मुलांकडून नीट विचारून घ्या

हा प्रश्न टाळू नका, खर्च त्यावरच ठरतो. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट किंवा जीटीए फाइव्हसाठी महागडं कार्ड लागत नाही. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने बनवलेला 'राजी' खेळायचा असेल तरी तेच. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कार्डापेक्षा प्रोसेसरची कसोटी जास्त लागते. गेल्या दोन-तीन वर्षांतले मोठे, ओपन वर्ल्ड गेम हवे असतील तर हिशोब बदलतो. तिथे ४ जीबीचं कार्ड अपुरं पडतं आणि एसएसडीशिवाय, म्हणजे हार्ड डिस्कहून खूप वेगवान अशा नव्या प्रकारच्या डिस्कशिवाय, चालत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमच्या पानाच्या तळाशी किमान आणि शिफारस केलेली गरज दिलेली असते. शिफारस केलेला रकाना बघा. किमान रकान्यातल्या मशीनवर गेम सुरू होतो, पण खेळताना मजा येत नाही.

पायरी ३: कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसचं लेबल वाचा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे घाई करू नका.

स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. मागचे दोन स्क्रू काढून डाव्या बाजूचा पत्रा सरकवा. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. धूळ भरपूर असेल. ती ब्लोअरने काढा, पण पंखे बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा जोरात फिरू देऊ नये.

आता एसएमपीएस, म्हणजे जिथे मागून वीज येते तो चौकोनी डबा. असेंबल केलेल्या स्वस्त मशीनमध्ये हा बहुतेक वेळा कॅबिनेटसोबत फुकट आलेला असतो. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असेल, पण तो आकडा धरून चालू नका. लेबलवर बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते शोधा आणि त्याला बाराने गुणा. तिथे १६ अँपिअर असेल तर हिशोब झाला फक्त १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही याच बारा व्होल्टवर चालतात. अशा डब्यावर दमदार कार्ड लावलं तर गेम ऐन रंगात आला की मशीन बंद पडतं, आणि नशीब वाईट असेल तर डबा जळताना मदरबोर्डही सोबत नेतो. म्हणून जास्त वीज मागणारं कार्ड हवं असेल तर आधी चांगल्या कंपनीचा ४५० किंवा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते असा शिक्का) दर्जाचा एसएमपीएस घ्या. तो नवाच घ्या, बिलासह घ्या. हा भाग पुढच्या कॉम्प्युटरलाही उपयोगी पडतो.

तुमचं मशीन आयटी कंपनीतून बाहेर पडलेलं रिफर्बिश्ड (दुरुस्त करून पुन्हा विकलेलं) डेल, एचपी किंवा लेनोवो असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एसएमपीएस आणि त्याचा मदरबोर्डला जाणारा कनेक्टर कंपनीच्या खास आकाराचा असतो. बाजारातला सर्वसाधारण डबा तिथे बसत नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर निम्म्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच लागतं. पट्टी घेऊन कार्डासाठी किती सेंटीमीटर लांबी मोकळी आहे तेही मोजा आणि कागदावर लिहा.

पायरी ४: बॅकअप, मग एसएसडी आणि रॅम

मुलांना कितीही घाई असली तरी घरच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. टॅलीचा डेटा, फोटो, आधार-पॅनची स्कॅन, सगळं. कॉपी झालेल्या दोन-चार फाइल्स उघडून खात्री करा.

घरातल्या प्रत्येकाला जाणवेल असा बदल एसएसडीने होतो. हार्ड डिस्कवरून सुरू व्हायला मिनिटं लावणारं मशीन काही सेकंदांत हजर होतं. मदरबोर्डवर एम-डॉट-टू हा छोटा, आडवा स्लॉट असेल आणि तो एनव्हीएमई, म्हणजे जास्त वेगवान प्रकारची एसएसडी, चालवत असेल तर तशी घ्या, नसेल तर हार्ड डिस्कसारखी वायरने जोडायची साटा एसएसडी घ्या. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो आणि एनव्हीएमईचा कित्येक पट जास्त असतो, पण गेम लोड होताना दोघींत तेवढा मोठा फरक पडत नाही. खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क सोडल्याने. जागा ५०० जीबी तरी हवी, कारण एकटा काउंटर-स्ट्राइक २ च ८५ जीबी मागतो. जुनी हार्ड डिस्क काढू नका, फोटोंसाठी ती राहू द्या. आहे ते विंडोज जसंच्या तसं हलवायला क्लोनझिला हा फुकट प्रोग्राम आहे. पण वर्षानुवर्षं साचलेला कचरा असेल तर नवीन विंडोज टाकणं बरं.

रॅम १६ जीबी पुरे. ३२ च्या मोहात पडू नका, विशेषतः २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढले असल्यामुळे. स्वस्त मशीनमध्ये बहुधा ८ जीबीची एकच पट्टी असते. शेजारी तशीच दुसरी लावली की दोन्ही मिळून ड्युअल चॅनेलमध्ये, म्हणजे एकाच वेळी जोडीने, चालतात. ज्यांच्याकडे रायझन ५ ५६००जी सारखा आत ग्राफिक्स असलेला प्रोसेसर आहे त्यांनी तर आधी हेच करावं. वेगळं कार्ड नसताना ग्राफिक्सही हीच रॅम वापरतं, त्यामुळे दुसऱ्या पट्टीने गेमचा वेग चांगलाच वाढतो. हलके गेम खेळणाऱ्यांचं काम इथेच होऊन जातं, आणि मग कार्डाचा खर्च करायचं कारण उरत नाही. दोन पट्ट्यांचे वेग वेगळे असतील तर दोन्ही कमी वेगाने चालतात, म्हणून जुन्या पट्टीवरचा आकडा वाचूनच खरेदी करा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्यात लावा.

पायरी ५: आता ग्राफिक्स कार्ड

मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. कार्डांचे दोन गट यावरूनच पडतात.

पहिल्या गटातली कार्डं एवढ्यावरच भागवतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे, आणि कंपनीच्या रिफर्बिश्ड मशीनसाठी सध्या मी तेच सुचवेन. त्यात लो प्रोफाइल आवृत्त्याही मिळतात. जीटीएक्स १६५० हे त्याहून जुनं, ४ जीबीचं. त्याच्या काही मॉडेलना वायर लागते, म्हणून खोक्यावर बघून घ्या. आरएक्स ६४०० फक्त ५३ वॅट घेतं, पण ते स्लॉटच्या चारच लेन (डेटा जायच्या वाटा) वापरतं. जुन्या, पीसीआय एक्स्प्रेस ३ (कार्डाच्या स्लॉटची जुनी, कमी वेगाची पिढी) च्या बोर्डवर त्यामुळे ते मागे पडतं. खेळ रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचा असेल तरी ते नको, कारण व्हिडिओ एन्कोड करणारा भागच त्यात नाही.

दुसऱ्या गटात आरएक्स ६६०० सारखी कार्डं येतात: ८ जीबी, १३२ वॅट, आठ पिनची वेगळी वायर. एसएमपीएस नवा असेल आणि प्रोसेसर निदान दहाव्या-बाराव्या पिढीचा आय-थ्री असेल तर यात पैसे घाला. चौथ्या पिढीच्या आय-थ्रीला असं कार्ड जोडलं तर प्रोसेसरच मागे पडतो आणि कार्ड रिकामं बसून राहतं.

नव्या भागांसाठी टिळक रोड आणि आसपासच्या पेठांमधली दोन-तीन दुकानं फिरा, ऑनलाइन भाव हाताशी ठेवा, आणि १८ टक्के जीएसटी धरून पक्कं बिल मागा. बिलाशिवाय थोडं स्वस्त मिळत असेल तरी घेऊ नका, वॉरंटीच्या वेळी त्या बिलाचीच गरज पडते. केबल, पंखे, कन्व्हर्टर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली सोयीची. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात रिकामं कॅबिनेट किंवा कीबोर्ड बघायला हरकत नाही. पण चालवून पाहता येत नसेल तिथून एसएमपीएस, एसएसडी किंवा कार्ड घेऊ नका.

वापरलेलं कार्ड घेताना ते विकणाऱ्याच्या मशीनवर, तुमच्या डोळ्यांसमोर चालवून बघा. कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडा. आतली चिप जुनी आणि नाव मात्र १०५० टीआय, अशी बनावट कार्डं बाजारात फिरतात, आणि हा प्रोग्राम त्यांच्या नावापुढे ती बनावट असल्याचं दाखवतो. मग कार्डावर पूर्ण ताण टाकणारा फरमार्क हा प्रोग्राम पंधरा मिनिटं चालू ठेवा. पडद्यावर ठिपके किंवा पट्टे आले तर नमस्कार करून निघा. खरं १०५० टीआय मिळालं तरी लक्षात ठेवा, त्या पिढीच्या कार्डांना एनव्हिडियाने नव्या गेमसाठी ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलं आहे.

घरच्या मॉनिटरला फक्त निळं व्हीजीए सॉकेट असेल तर ते आधीच पाहून ठेवा. नव्या कार्डांवर व्हीजीए नसतं. एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणावा लागेल.

पायरी ६: बसवणं

कार्ड सगळ्यात वरच्या लांब स्लॉटमध्ये खटका वाजेपर्यंत दाबा, मागे स्क्रू आवळा, वायर असेल तर पूर्ण आत ढकला. मॉनिटरची केबल आता कार्डाला लावायची, मदरबोर्डला नाही. कार्ड लावूनही गेम अडकतो अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदलून घ्या. एएम४ सॉकेटचा एएमडी रायझन प्रोसेसर असेल तर मशीन आधी दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून, वायर काढून, कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढला तर वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पायरी ७: विंडोज

विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ज्या मशीनवर घरचं बँकेचं काम चालतं त्यावर विंडोज ११ असलेलं बरं. त्याला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. व्हॅलोरंटही विंडोज ११ वर हे दोन्ही सुरू असल्याशिवाय चालत नाही. टीपीएम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडतं. या सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, तिची रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी डिस्क कुलूपबंद दिसेल.

बायोस अपडेट करायचं असेल तर यूपीएसवरच करा, आणि शक्यतो गुरुवारी नको, कारण पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बरेचदा गुरुवारी असतात. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. जुन्या वाड्यात किंवा जुन्या सोसायटीत राहत असाल आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर गेमचं नंतर बघा. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

मुलांसाठी विंडोजमध्ये वेगळा युजर करा, ॲडमिनचे अधिकार न देता. गेमच्या नावाखाली काहीही डाउनलोड झालं तरी बाबांचा टॅलीचा डेटा बराच सुरक्षित राहतो.

पायरी ८: सेटिंग आणि उष्णता

ड्रायव्हर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. गेममध्ये मीडियमपासून सुरुवात करा. शॅडो कमी केल्या की वेग पटकन वाढतो आणि डोळ्यांना फारसं जाणवत नाही. टेक्स्चर मात्र कार्डाची मेमरी पुरेल तेवढे वर ठेवा. गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून वेग वाढवणारी एएमडीची सोय) असेल तर ते क्वालिटीवर लावा, ते जुन्या कार्डांवरही चालतं. रिझोल्यूशन कमी करूनही एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, हलत नसेल तर अडचण कार्डाची नाही, प्रोसेसरची आहे. अशा वेळी मोठं कार्ड आणून उपयोग नाही.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा थंडीत नीट चाललेलं मशीनही तापतं. तापमान दाखवणारा एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम लावून अर्धा तास खेळल्यावर आकडे बघा. प्रोसेसर ९० किंवा कार्ड ८५ अंशांच्या पुढे जात असेल तर कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, मागे आणि भिंतीत वीतभर जागा सोडा, आणि मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा बाहेर फेकेल असा बसवा.