डोळ्यावरची वाढ आणि विषाणू: तपासणी कशी करून घ्यावी
जळगाव-धुळ्याकडे कापसाच्या शेतात उन्हात राबणाऱ्यांच्या डोळ्यात मांस वाढणे नवे नाही. परंतु बुबुळाच्या कडेला पांढरट किंवा गुलाबी, खरबरीत वाढ दिसून ती पसरू लागली, तर घरगुती औषध न घालता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. ही वाढ कर्करोगाची गाठ असू शकते; अशा गाठीमागे सूर्याची अतिनील किरणे हे मोठे कारण असते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावल्यास धोका निश्चितच वाढतो. एचपीव्ही या गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणाऱ्या विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार मात्र काही गाठींतच सापडत असल्याने तो संबंध शक्य मानावा, सिद्ध नव्हे. तरुणपणी अशी गाठ आल्यास एचआयव्हीची चाचणी संकोच न बाळगता करून घ्यावी, कारण त्या संसर्गावर परिणामकारक उपचार आहेत. काढलेला तुकडा बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी, पाठवला का, हे आवर्जून विचारावे.