वर्गात रँकच नाही, मग डेंटल स्पेशालिटीला अप्लाय कसं करायचं?

आधीच सांगते, अमेरिकेतल्या तुमच्या डेंटल स्कूलमध्ये रँक देत नाहीत म्हणून ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं) किंवा ओरल सर्जरी अशी स्पेशालिटी विसरायची गरज नाहीये. हार्वर्ड, यूसीएलए या स्कूल्समध्ये ग्रेडऐवजी पास-नापास चालतं आणि तिथली मुलं स्पेशालिटीला जातातच की. पण आपण मराठी घरांतली मुलं "वर्गात कितवा नंबर?" ऐकत वाढलेलो, त्यामुळे नंबरच नाही म्हटलं की पोटात गोळा येतो. मला थर्ड इयरला आला होता आणि त्यात मी तीन-चार महिने नुसतीच घाबरून घालवले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

स्पेशालिटीच्या प्रोग्रॅमला मुलं निवडणाऱ्या डायरेक्टरच्या जागी बसून बघा. दोन-चार सीट्स, अर्ज ढीगभर. पूर्वी बोर्डाच्या, म्हणजे डेंटल लायसन्ससाठीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या, पार्ट वनचा स्कोर तरी दिसायचा, 2012 पासून तो नुसता पास-फेल झाला, 2020 मध्ये आयएनबीडीई ही नवी बोर्ड परीक्षा आली तीही पास-फेलच. मग रँकही नाही आणि बोर्डाचा आकडाही नाही, तर हा माणूस तुम्हाला तोलणार कशावर? तेवढं त्याच्या हातात द्यायचं, बस.

आकडा हवा असेल तर तो परीक्षेतून आणा. ए-डॅट ही स्पेशालिटी प्रवेशासाठीची परीक्षा 2016 मध्ये याच अडचणीमुळे सुरू झाली, स्कोर 200 ते 800. सगळे प्रोग्रॅम मागत नाहीत, कुणाला जीआरई हवी असते, कुणाला काहीच नको, त्यामुळे प्रत्येक प्रोग्रॅमचं पान स्वतः उघडून वाचा, सीनियरच्या जुन्या एक्सेल शीटवर विसंबू नका. पण रँक नसलेल्या मुलांनी, ऑप्शनल लिहिलेलं असलं तरी, ए-डॅट द्यावीच असं माझं ठाम मत आहे. ओरल सर्जरीवाल्यांसाठी सीबीएसई, म्हणजे आपल्याकडचं शाळेचं बोर्ड नव्हे, बेसिक सायन्सची परीक्षा. वर्षातून मोजक्या वेळाच होते आणि सर्जरीत तिचं वजन फार, म्हणून तिचा अभ्यास सेकंड इयरपासूनच धरा.

आता डीन ऑफिस. अर्ज एडीईए पास या पोर्टलवरून जातो (हे पोर्टलचं नाव, पास-नापासशी संबंध नाही) आणि त्यात स्कूलकडून एक इव्हॅल्युएशन फॉर्म जातो. तो तुम्ही भरत नाही, पण त्यात काय लिहिणार हे विचारायला कुणी अडवलंय? थर्ड इयर संपायच्या आत अपॉइंटमेंट घ्या आणि सरळ विचारा, रँकच्या जागी काय लिहिता, आमच्या ग्रेडिंगची पद्धत समजावणारा कागद सोबत जोडता का. "आम्ही कुणालाच रँक देत नाही" हे एक वाक्य तिथे असलं तरी पुरतं, कारण नुसती रिकामी जागा दिसली की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवलंय. आणि कृपा करून स्वतः अंदाजाने "टॉप टेन परसेंट" वगैरे कुठेही लिहू नका, सीव्हीतही नाही आणि इंटरव्ह्यूतही नाही, स्कूलने न दिलेला आकडा तुमचा नसतो.

सगळ्यात जास्त जीव ओता तो रेकमेंडेशन लेटर्समध्ये. रँक करते काय, तर तुमची इतरांशी तुलना. ती तुलना आता पत्र लिहिणाऱ्याने करायची असते. "हुशार, मेहनती, मनमिळाऊ" असलं पत्र सगळ्यांचंच असतं, त्यापेक्षा "गेल्या पाच वर्षांत शिकवलेल्या मुलांमध्ये हिचे हात सगळ्यात चांगले" हे एक वाक्य भारी पडतं. म्हणून मोठ्या नावामागे धावू नका, ज्याने तुम्हाला काम करताना पाहिलंय त्याच्याकडे जा. मी ज्या पीडोच्या (लहान मुलांच्या दातांच्या) मॅडमकडे गेले त्यांनी चार वर्षांचं रडणारं पोर माझ्याकडे शांत होताना दोन-तीनदा पाहिलं होतं. मी त्यांना विचारलं, "मॅम, आमच्याकडे रँक नाहीये, तुम्हाला मनापासून वाटत असेल तर बाकी स्टुडंट्सच्या तुलनेत मी कुठे आहे ते लिहाल का?" बोलताना घसा कोरडा पडला होता, पण त्या लगेच हो म्हणाल्या. समोरचा जरा जरी चाचरला तर थँक्यू म्हणून दुसरीकडे जा. सीव्ही आणि तुमच्या केसेसची यादी हातात द्या, आणि दोन महिने आधी द्या.

एक्स्टर्नशिप, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये जाऊन थोडे दिवस काम करणं, पण याच कारणासाठी. सर्जरीत तर आठवडा-दोन आठवडे तिथे राबलात की रेसिडेंट्सच तुमच्याबद्दल बोलतात. रिसर्च असेल तर एकच पण शेवटपर्यंत नेलेलं.

भारतात बीडीएस करून इथे अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगने (इथल्या डेंटल स्कूलमध्ये थेट वरच्या वर्षाला) आलेल्यांचं थोडं वेगळं. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या मार्कशीटवर मार्क असतात आणि त्यांचं इथल्या जीपीएमध्ये इव्हॅल्युएशन करून द्यावं लागतं, म्हणजे तुमच्याकडे एक आकडा आपोआप येतो. ते मार्क कमी असतील तर ए-डॅटवर जास्त भर द्या. आणि व्हिसा चालतो का हे फी भरायच्या आधी विचारा, नंतर नाही.

बऱ्याच स्पेशालिटीजमध्ये सीट मॅचने ठरते, म्हणजे तुमची आणि प्रोग्रॅमची पसंतीची लिस्ट जुळवून. ही मॅचची लिस्ट लावताना मात्र डोकं लढवू नका. कुठे लागेल याचा अंदाज न बांधता जे खरंच हवंय ते वर टाका, मॅचचं गणित तसंच बनवलंय, वरचं नाही मिळालं म्हणून खालच्यात तुमची संधी कमी होत नाही. पण जिथे जायचंच नाही ते लिस्टमध्ये टाकू नका, लागलं की जावंच लागतं. ऑर्थो पहिल्या टप्प्यात, पीडो आणि ओरल सर्जरी दुसऱ्या. एंडो (रूट कॅनॉल) मॅचमध्ये नाहीच, तिथे प्रोग्रॅम थेट ऑफर देतात आणि बऱ्याच ठिकाणी आधी एक-दोन वर्षं प्रॅक्टिस केलेली लागते.

पोर्टल मे महिन्यात उघडतं. त्यामुळे डीन ऑफिसला मेल आज टाका, लेटर्ससाठी मार्चमध्ये विचारा आणि ए-डॅटची तारीख लवकर धरा, स्कोर डेडलाइनच्या आत पोचायला हवा.