जुन्या आउटबोर्ड इंजिनाचं कार्ब्युरेटर मिक्श्चर कसं लावायचं

बोटीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन आयडलला (रेस न देता) मरतंय, गिअर टाकला की गचके देऊन बंद, की लगेच स्क्रू ड्रायव्हर काढू नका. बऱ्याचदा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) काही दोष नसतोच, पेट्रोल शिळं झालेलं असतं, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलेला असतो, पाइपच्या जोडात हवा शिरत असते, नाहीतर कार्बमध्ये चिकट थर बसून बारीक भोकं बुजलेली असतात. आधी ते निस्तरा, ताजं पेट्रोल भरा, चांगले प्लग लावा, कार्ब साफ करा. घाण तशीच ठेवून मिक्श्चरची सुई (कार्बवरचा टोकदार स्क्रू) फिरवली तर इंजिन दोन दिवस चालेल आणि परत तेच.

दुसरं म्हणजे हे काम बोट पाण्यात असतानाच करायचं. जमिनीवर पाण्याची नळी लावून इंजिन मस्त चालतं पण तिथे पंख्यावर लोड नाही आणि एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नाही, म्हणून तिथलं सेटिंग पाण्यात गेलं की फसतं. बोट घट्ट बांधा, पंख्याजवळ कुणी नको, किल स्विचची (इंजिन झटकन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी मनगटाला, सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या.

आता मेन गोष्ट. जुन्या टू-स्ट्रोकवर साधारण एक स्लो स्पीडची सुई असते, काहींवर हाय स्पीडचीही असते, काहींत हाय स्पीडचा जेट (इंधनाचं बारीक भोक) फिक्स असतो. सुई घड्याळाच्या दिशेने हलकेच आत फिरवा, टेकली की थांबा, जोर केला तर टोकाला खाच पडते आणि मग ती सुई कधीच नीट सेट होत नाही. टेकल्यावर साधारण दीड फेरा बाहेर काढा, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. ही इंधनाची सुई, आत फिरवली की मिक्श्चर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. पण काही कार्बवर तो स्क्रू हवेचा असतो, बहुधा हवा आत येते त्या तोंडाकडच्या बाजूला, आणि तिथे सगळं उलट, आत फिरवला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. हे आधी बघून घ्या नाहीतर तासभर डोकं खाजवत बसाल.

इंजिन चालू करा, कूलिंगच्या पाण्याची धार येतेय ना ते बघा आणि पाच-दहा मिनिटं चांगलं गरम होऊ द्या, चोक पूर्ण ऑफ, म्हणजे हवेचा रस्ता मोकळा. मग फॉरवर्ड गिअर टाका, रेस अगदी कमी. सुई अर्धा पाव फेरा (एक अष्टमांश) आत, आणि दहा-पंधरा सेकंद थांबा, कारण फरक लगेच कळत नाही, आणि घाईत इथेच सगळे चुकतात. असं करत गेलात की एका जागी इंजिन कार्बमधून फट्‌ करून शिंकेल किंवा बंद पडायला येईल, ती लीनची हद्द. आता तसंच हळूहळू बाहेर काढा, गुरगुरायला लागलं, धूर वाढला, ठोके चुकायला लागले की ती रिचची हद्द. दोन्हीच्या मध्ये जिथे गुळगुळीत चालतं तिथे आणा आणि तिथून अर्धा पाव फेरा रिचकडे ठेवा. झटकन रेस देऊन बघा, अडखळलं तर अजून थोडं बाहेर.

हा रिचकडचा कल का, तर टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं, पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी आणि वर उष्णता जास्त. लीनला आवाज एकदम गोड, तडतडीत येतो, तुम्ही खूश, आणि पिस्टन तिकडे चिकटतोय. आणखी एक, पेट्रोल-ऑइलच्या मिक्समध्ये ऑइलचं प्रमाण वाढवलं की पेट्रोल तेवढंच कमी जातं, म्हणजे मिक्श्चर थोडं लीन होतं, त्यामुळे ५०:१ चं (५० भाग पेट्रोलला १ भाग ऑइल) २४:१ केलंत तर परत सेट करा.

हाय स्पीडची सुई असेल तर मोकळ्या पाण्यात, सुकाणूवर दुसरा माणूस बसवून, फुल रेसला. आरपीएम सगळ्यात जास्त येतो तिथून अर्धा पाव फेरा बाहेर, बस. आत फिरवून फार वेळ खेळू नका, फुल लोडला लीन चालवणं म्हणजे थेट पिस्टनशी जुगार. मग फुल रेसवरूनच इंजिन बंद करून प्लग काढा (गरम असतो, हातमोजा घाला). फिकट तपकिरी असेल तर छान, पांढरा असेल तर लीन, काळा ओला असेल तर रिच.

शेवटी सुई किती फेरे बाहेर आहे ते मोजून कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वेळी कार्ब खोलाल तेव्हा सुरुवात तिथूनच करता येते.