मिड-साइड ईक्यू: मास्टरिंग करताना या चुका टाळा

मास्टरिंगसाठी (प्रकाशनाआधीच्या अखेरच्या संस्कारासाठी) आलेल्या स्टेरिओ मिक्सवर मिड-साइड ईक्यू, म्हणजे मिड आणि साइड या दोन भागांतील फ्रिक्वेन्सींची पातळी स्वतंत्रपणे कमी-जास्त करणारे साधन, लावताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकाच गैरसमजात असते. मिड म्हणजे मधोमध ऐकू येणारी वाद्ये आणि साइड म्हणजे कडेची वाद्ये, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मिड ही डाव्या आणि उजव्या चॅनलची बेरीज असते व साइड ही त्यांची वजाबाकी, आणि दोन्ही निम्म्या केल्या जातात. ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ साली स्टेरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून ही मांडणी निव्वळ गणिताची आहे. कोणते वाद्य कुठे बसवले आहे, हे तिला कळत नाही.

साइड वाढवली की वाद्ये जागा सोडतात

पूर्ण डावीकडे पॅन केलेली, म्हणजे फक्त डाव्या चॅनलमध्ये ठेवलेली, एक गिटार घ्या. डाव्या चॅनलमध्ये तिची पातळी १ आहे आणि उजव्यात शून्य. मिड-साइडमध्ये रूपांतर केल्यावर ती मिडमध्ये अर्धी आणि साइडमध्येही अर्धीच असते, म्हणजे ‘कडेची’ म्हणून ओळखली जाणारी ही गिटार दोन्हींकडे सारखीच विभागलेली आहे. आता साइडमधला तिचा फ्रिक्वेन्सी पट्टा ६ डेसिबलने, म्हणजे दुपटीने वाढवला, तर पुन्हा डावे-उजवे करताना (डावे म्हणजे मिड अधिक साइड, उजवे म्हणजे मिड उणे साइड) डावीकडे १.५ मिळते आणि उजवीकडे उणे ०.५. ज्या स्पीकरमध्ये ती गिटार कधीच नव्हती, तिथे ती आता डाव्यापेक्षा सुमारे ९.५ डेसिबल खाली आणि उलट्या पोलॅरिटीने, म्हणजे लहर उलटी होऊन, वाजू लागते. कानाला प्रथम ‘मिक्स मोठा झाला’ असे वाटते, पण थोडे अधिक ऐकल्यावर गिटार नेमकी कुठे आहे हे सांगता येत नाही. मिड वाढवला तर हीच गळती सरळ पोलॅरिटीने होते आणि गिटार मध्याकडे सरकते.

हेच वाढवणे १ डेसिबलपुरते ठेवले, तर उजवीकडची गळती सुमारे २५ डेसिबल खाली राहते आणि गिटारची जागा फारशी हलत नाही. म्हणून मास्टरिंगमध्ये साइडला एक-दीड डेसिबलपेक्षा अधिक लागत असेल, तर तो पट्टा मुळात का कमी पडतो आहे हे आधी तपासावे, असे माझे ठाम मत आहे.

चमक फक्त साइडमध्ये घालणे

मोनोमध्ये डावा आणि उजवा एकत्र आले की साइड पूर्णपणे नाहीशी होते. त्यामुळे ८ किलोहर्ट्झच्या वरची सगळी चमक साइडच्या शेल्फने (एका बिंदूपुढचे सगळे उचलणाऱ्या ईक्यू फिल्टरने) आणली असेल, तर एकाच स्पीकरवर गाणे दबलेले ऐकू येते, आणि स्टुडिओत तर सगळे ठीक होते, असे म्हणत आपण कारण भलतीकडेच शोधत राहतो. प्रत्येक बदलानंतर मोनोचे बटण दाबून ऐकावे. डावा-उजवा चॅनल किती जुळतात हे दाखवणाऱ्या कोरिलेशन मीटरचा काटा क्षणभर शून्याखाली गेला तर घाबरण्याचे कारण नाही, पण तो तिथेच रेंगाळत असेल तर साइडचा हात आखडता घ्यावा.

साइडचा बेस डोळे झाकून कापणे

‘साइडमधून १२० हर्ट्झखालचे काढून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला खरा आधार व्हिनाइलचा आहे, कारण स्टेरिओ रेकॉर्डवर साइडमुळे सुई वर-खाली हलते आणि खर्जाची साइड मोठी असेल तर ती खाचेतून निसटू शकते. डिजिटल प्रकाशनासाठी ही सक्ती उरलेली नाही, तरी फिल्टर मात्र सवयीने लावला जातो. त्याचा त्रास १२० हर्ट्झवर संपत नाही. १२ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह उताराचा साधा हाय-पास (खालचे कापणारा) फिल्टर २४० हर्ट्झवरही साइडचा फेज, म्हणजे लहरीची वेळेतली स्थिती, सुमारे ४३ अंशांनी, तर ४८० हर्ट्झवर सुमारे २१ अंशांनी फिरवतो. मिड जागच्या जागी राहतो आणि साइड फिरते, त्यामुळे एका बाजूला पॅन केलेल्या वाद्यांचा खालचा भाग धूसर होतो. फेज न फिरवणारा लिनियर फेज ईक्यू वापरल्यास हा फरक राहत नाही, पण खर्जात तीव्र उतार दिला तर किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) ठोक्याआधी हलकी सूज ऐकू येऊ शकते. बेस आणि किक मुळातच मध्यावर असतील, तर फिल्टर न लावणे हाच उत्तम उपाय.

काहीतरी बिघडले आहे, पण काय?

डावीकडे पूर्ण गाणे आणि उजवीकडे पोकळ, गायकाविना आवाज येत असेल, तर शेवटचे डीकोडिंग, म्हणजे मिड-साइडचे पुन्हा डावे-उजवे करणे, राहून गेले आहे. पातळी एकाएकी ६ डेसिबलने वाढली, तर बेरीज-वजाबाकीनंतर निम्मे करण्याची पायरी सुटली आहे. संशय राहिलाच, तर सगळे बँड सपाट करून निघालेल्या आवाजाची पोलॅरिटी उलटवावी आणि तो मूळ मिक्समध्ये मिसळावा. लिनियर फेजचा विलंब भरून काढलेला असेल, तर निखळ शांतता मिळायला हवी. ती मिळाली नाही, तर दोष तुमच्या ईक्यूच्या निर्णयात नसून जोडणीत आहे.

गायकाचे ‘स’ टोचतात म्हणून ७ किलोहर्ट्झच्या आसपास मिड कापला, तरी ते पूर्ण जात नाहीत, कारण त्यांचा रिव्हर्ब (घुमणारा पडसाद) साइडमध्ये पसरलेला असतो. कोरडा ‘स’ मऊ होतो आणि त्याची शेपटी तशीच टोचत राहते. अशा वेळी साइडमध्ये त्याच जागी मिडच्या निम्म्या प्रमाणात कापून पाहावे. साइड एकटी ऐकून मात्र काहीही ठरवू नये, कारण एकटी ऐकल्यावर ती नेहमीच कर्कश आणि पोकळ वाटते. साइड वाढली की आवाजही वाढतो, म्हणून बायपासशी (ईक्यू बंद असतानाच्या आवाजाशी) तुलना करताना पातळी आधी जुळवून घ्यावी आणि लिमिटर (पातळी ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ न देणारे साधन) किती दाबतो आहे हे पुन्हा पाहावे.

गायन मोकळे व्हावे म्हणून मिडमध्ये २५० हर्ट्झ कापताना स्नेअर ड्रमचा भरीवपणा आणि बेसचे अंगही जात असेल, तर ईक्यू बंद करून मिक्स करणाऱ्याला फोन करावा. गायनाच्या ट्रॅकवर तो हाच पट्टा काही मिनिटांत कापून नवी फाइल पाठवू शकतो, आणि स्नेअरला हातही लागत नाही.