करंजाचं तेल आणि एन्कोडरचा ढिला स्क्रू

एम.ई.ला कम्बशनवर, म्हणजे इंजिनातल्या ज्वलनावर, प्रोजेक्ट घेतला की सामग्री बहुतेक ठरलेली असते. किर्लोस्करचं एका सिलिंडरचं ५.२ किलोवॅटचं डिझेल इंजिन, १५०० आरपीएम, इंजिनवर लोड टाकून ताकद मोजणारा एडी करंट डायनामोमीटर आणि कुठल्यातरी बियांचं बायोडिझेल. माझ्या वाट्याला करंज आलं.

पहिल्या दिवशी साध्या डिझेलची रीडिंग घेतली. दोन दिवसांनी २० टक्के करंज मिसळून घेतली. इग्निशन डिले, म्हणजे इंधन फवारल्यापासून ते पेटेपर्यंत क्रँक जितकी फिरते तो कोन, चक्क दोन अंशांनी कमी! मी लगेच कारण लिहून मोकळा: करंज बायोडिझेलचा सीटेन नंबर (किती चटकन पेटतं त्याचा आकडा) जास्त, म्हणून ते लवकर पेटतं. गाइडनाही पटलं. अडकलो ते लॅबमधल्या मामांपाशी. त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. मेकॅनिकल एफिशिअन्सी, म्हणजे सिलिंडरमधल्या कामापैकी शाफ्टवर मिळणारा हिस्सा, फुल लोडला ७८ टक्क्यांवरून ८८ झाली होती. "तेल बदललं म्हणून पिस्टनचं घर्षण कमी झालं होय रे?"

मामांनी इंजिन गरम करून स्टॉप लिव्हर ओढला आणि इंधन बंद झाल्यानंतरच्या एकदोन सायकल पकडायला सांगितल्या. जळण नसताना सिलिंडरमधला दाब टीडीसीच्या (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) किंचित आधी, अंशभराच्या आत, सर्वात जास्त हवा. थोडी उष्णता भिंतींना जाते, थोडी हवा रिंगांतून निसटते, म्हणून थोडा आधी. आमचा आला तीन अंश आधी. क्रँकच्या टोकाला तिचा कोन मोजणारा एन्कोडर बसवलेला, त्याच्या कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला होऊन घसरला होता. दाबाचा आलेख जागचा सरकला, आयएमईपी (सिलिंडरमध्ये झालेल्या कामाचा सरासरी दाब) खोटा कमी दिसला, म्हणून त्यातून शाफ्टवरचं काम वजा करून काढलेलं घर्षणही कमी दिसलं, आणि पेटणंही लवकर दिसलं. सीटेनचा काही संबंध नव्हता.

म्हणून नव्या पोरांना मी हीट रिलीजच्या (उष्णता कधी, किती सुटली त्या हिशोबाच्या) आधी इंधन बंद सायकलचा दाब-आकारमानाचा लॉग पी–लॉग व्ही आलेख काढायला लावतो. कॉम्प्रेशनची रेघ सरळ आणि तिचा उतार १.३ ते १.३५ च्या आसपास आला तरच पुढे जायचं. टीडीसीपाशी रेघा एकमेकींना छेदून फास पडला, तर सॉफ्टवेअर बंद करून पाना हातात घ्यायचा.

धुराचं खातं वेगळं. गॅस ॲनालायझरचं झीरो आणि स्पॅन (शून्यावरची आणि ठरावीक गॅसवरची जुळणी) दर सत्राला करा. डिझेलच्या एचसीसाठी (न जळलेल्या हायड्रोकार्बनसाठी) सॅम्पलची नळी १९० अंश सेल्सिअसला तापलेली हवी. गार असेल तर जड हायड्रोकार्बन नळीतच बसतात आणि तुमचं इंजिन उगाच स्वच्छ ठरतं. पीपीएमचे आकडे थेट शेजारी ठेवू नका, ग्रॅम प्रति किलोवॅट-तासात आणा. लोड कमी असताना जास्तीची हवा पीपीएम पातळ करते. आणि नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) कमी केल्याचा आनंद धूर मोजल्याशिवाय मानू नका. ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणं, वाढवलं की ज्योत थंड होते, नॉक्स उतरतो, पण काजळी वर येते. ही ओढाताण हाच या कामातला खरा विषय.

नोकरीचं विचाराल तर १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचं मानक आलं आणि डिझेल कारची नॉक्स मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली. त्यानंतर पुण्या-चाकणकडच्या टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन (इंजिन कंट्रोलरचे आकडे जुळवणं) आणि एससीआरचं (युरिया फवारून नॉक्स घालवणाऱ्या यंत्रणेचं) कामच जास्त पाहिलं. आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आहे. पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. त्यामुळे जुनं फ्युएल मॅपिंग (किती इंधन सोडायचं त्याचा तक्ता) तसंच चालत नाही. प्रोजेक्टसाठी आणखी एक बी शोधण्यापेक्षा हे घ्या, असं माझं मत. मुलाखतीत मला तरी कोणी करंजाबद्दल विचारलं नाही. विचारलं ते, "टीडीसी कशी ठरवलीस?"

आजही कुठल्याही बेंचवर गेलो की आधी त्या कपलिंगच्या स्क्रूवरून शाफ्टपर्यंत पांढऱ्या पेंट मार्करने एक रेघ ओढतो. सकाळी रेघ तुटलेली दिसली, की चहा नंतर.